तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ब्रॅकिश’ म्हणजे खारट का?

मत्स्यशेतीच्या पुस्तिका मी मराठीत आणते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. ‘खारट’ म्हटलं की काम भागलं असं वाटतं, पण भागत नाही.

समुद्राचं पाणी खारट असतं, तरी त्याला ब्रॅकिश म्हणत नाहीत. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ब्रॅकिश पाण्यात ते साधारण अर्ध्या ग्रॅमपासून ३० ग्रॅमपर्यंत. गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं तिथलं हे पाणी: खाड्या, नदीमुखं, ओडिशातलं चिलिका सरोवर. बाल्टिक तर अख्खा समुद्रच असा आहे, कारण त्यात नद्या भरपूर येऊन मिळतात आणि महासागराकडे जाणारी वाट अरुंद आहे.

इंग्रजीत हे विशेषण पाण्याला लावतात, नाहीतर दलदल-सरोवरासारख्या पाण्याच्या जागांना. आमटीत मीठ जास्त पडलं तर ती सॉल्टी. खारवलेली जमीन सलाइन.

हा फरक मी इतका धरून का बसते? कोळंबीसाठी. ‘खाऱ्या पाण्यातली कोळंबी’ असं छापलं की वाचणारा समुद्राचं पाणी जसंच्या तसं तळ्यात घ्यायचं असं समजतो. टायगर कोळंबी मात्र लिटरमागे १५ ते २५ ग्रॅम क्षारांच्या पाण्यात चांगली वाढते. २५ ग्रॅमच्या आसपास तिच्या अंगातल्या द्रवाचा आणि बाहेरच्या पाण्याचा मेळ बसतो. मग शरीरातलं पाणी-मीठ सांभाळण्यात ताकद कमी जाते, ती वाढीला उरते. शिवाय कोकणातल्या खाडीचं पाणी वर्षभर एकसारखं नसतंच. पावसाळ्यात ते जवळजवळ गोडं होतं, मे महिन्यात समुद्राच्या जवळ जातं. तळं भरायच्या दिवशी ते मोजायलाच हवं.

मत्स्यशेतीत यासाठी ‘निमखारे’ हा शब्द रुळलेला आहे आणि मी तोच लिहिते. ‘मचूळ’ मला जास्त आवडतो. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणतात, तेव्हा तिथेही ब्रॅकिशच चालतं. पण मचूळ ही जिभेला कळणारी चव आहे, आणि पाच ग्रॅम की वीस हे जीभ सांगू शकत नाही. म्हणून विहिरीबद्दल लिहायचं असेल तर खुशाल मचूळ लिहा, तळ्याबद्दल असेल तर निमखारे, आणि पुढे आकडा.