ओकापमधले सहा आठवडे: आधी बोंजू, मग बाकीचं

सगळ्यात आधी कामाचं. आत्ता हैतीला जायचा बेत असेल तर थांबा. राजधानी पोर्तोप्रँसचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हातात आहे, आणि मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने आपली काही माणसं तिथून बाहेर काढली. तिथल्या क्रेयोल भाषेचीच हौस असेल तर हैतीयन वस्ती असलेलं मायामीचं लिटल हेटी, ब्रुकलिनचं फ्लॅटबुश किंवा मॉन्ट्रियल गाठा. खालचं बरंचसं तिथेही उपयोगी पडेल.

मी गेले होते फेब्रुवारी २०१८ मध्ये, उत्तर किनाऱ्यावरच्या काप-आयसियँला. तिथले लोक नुसतं ‘ओकाप’ म्हणतात. एका कुटुंबात खोली घेतली होती. जाण्यापूर्वी तीन महिने फ्रेंच घोकलं, ते जवळजवळ वाया गेलं. १९८७ च्या राज्यघटनेने फ्रेंच आणि क्रेयोल दोन्हींना राजभाषा केलंय, पण घरात, बाजारात, भांडणात सगळीकडे क्रेयोलच. तेव्हा थेट क्रेयोल शिका. १९७९ मध्ये ठरलेलं तिचं लेखन जवळपास उच्चाराबरहुकूम आहे. देवनागरीवर वाढलेल्या माणसाला ते लगेच जमतं आणि नाकातले स्वरही जड जात नाहीत.

पहिल्या दिवशी दुकानात शिरून मी सरळ ‘पाणी आहे का?’ विचारलं. दुकानदार बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ठसक्यात म्हणाल्या, ‘बोंजू.’ मी ओशाळून बोंजू, म्हणजे नमस्कार, म्हटलं, तेव्हा कुठे पाणी मिळालं. दुपारी बारापर्यंत बोंजू, त्यानंतर बोंस्वा, मग भर उन्हात का असेना. खेड्यात कुणाच्या अंगणात जाताना बाहेरूनच ‘ओने!’ अशी हाक द्यायची, आतून ‘रेस्पे!’ आलं की पाऊल टाकायचं. मान आणि आदर, इतका साधा अर्थ. रस्त्यावर पोरं ‘ब्लां! ब्लां!’ ओरडतील. शब्दाचा मूळ अर्थ गोरा, पण तिथे तो कुठल्याही परक्याला लागतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी गोरी म्हटलं, तेही फुकटात.

बाजारात मात्र सावध राहा. नाणं गूर्दचं, पण भाव सांगतात ‘डॉलर’मध्ये, आणि हा डॉलर कुठे छापलेलाच नाही. एक हैतीयन डॉलर म्हणजे पाच गूर्द, एके काळच्या विनिमयदराची राहिलेली सवय. आपण आठ आणे म्हणत राहिलो तसंच. भाजीच्या केळ्यांचे ‘पाच डॉलर’ ऐकून मी पाच अमेरिकन डॉलर काढले, तर माशान, म्हणजे विक्रेती, हसून शेजारणीला हाका मारू लागली. द्यायचे होते पंचवीस गूर्द. आकडा ऐकला की आधी ‘गूर्द की डॉलर?’ विचारा.

प्रवास टॅपटॅपने, म्हणजे रंगवलेल्या पिकअपमधून. उतरायचं असेल तर ‘थांबा’ नाही, ‘मेसी!’ म्हणजे धन्यवाद असं ओरडायचं. तसंच मिलोला जाऊन सितादेल पाहून या. १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर फ्रेंच परत येतील या धास्तीने बांधलेला किल्ला. गड चढायची सवय असलेल्यांना वाट अवघड नाही, पण टोपी विसरू नका. पाणी बंद बाटलीचंच प्या. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टॉर्च उशाशी ठेवा.

जेवणाची चिंता नको. दिरी आक सोस प्वा म्हणजे चक्क भात आणि घट्ट आमटी. सोबत पिक्लिझ, कोबी-गाजराचं व्हिनेगरमधलं झणझणीत लोणचं. आधी चिमूटभरच घ्या, कोल्हापूरचे असलात तरी.

खरा घोळ घातला तो ‘नू’ने. आम्ही, आपण आणि तुम्ही, तिन्हींना हा एकच शब्द. एका शनिवारी घरच्या मादाम म्हणाल्या, ‘नू प्राल नां माशे?’ मला वाटलं, आपण बाजारात जायचं. मी पिशवी घेऊन दारात उभी! त्या विचारत होत्या मुलींना: तुम्ही जाताय का? मुली हसून लोळल्या. मादामनी एकीच्या हातातली टोपली काढून घेतली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, ‘आन्नू आले!’

मी वळून मागे पाहिलं. अण्णू कोण, आणि आले कुठून? ‘चला, जाऊ या’ असा त्याचा अर्थ आहे हे निम्म्या वाटेत कळलं.