शेंडा गेला की पाम गेला

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत गेटच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम होते. आता एकच आहे. दुसऱ्याच्या झावळ्या वायरींना लागतात म्हणून कमिटीने माणूस बोलावला, त्याने झावळ्यांबरोबर शेंडाही उडवला. "फुटेल हो पावसाळ्यात," सेक्रेटरी म्हणाले. मी गुहागरकडचा. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने फुटवा येतो, पण माडाला वाढायला डोक्यावरचा तो एकच कोंब, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. पावसाळा येऊन गेला. त्या खोडावर आता 'फ्लॅट भाड्याने देणे आहे'ची पाटी आहे.

आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या मादागास्कर बेटावरच्या पामांचं दुखणं नेमकं हेच आहे. आपल्या लॉबीतल्या कुंड्यांमधला अरेका पाम तिथल्याच पूर्व किनाऱ्याचा. तो केळीसारखी बाजूने पिल्लं देतो, त्यामुळे एखादं खोड गेलं तरी निभावतं. एकखोडी पामांना ती सोय नाही. त्यांच्या शेंड्यातला कोवळा गाभा भाजी म्हणून खातात आणि एका जेवणासाठी अख्खं झाड आडवं होतं.

त्यातला व्होआनिओआला जेरार्डी हा आपल्या नारळाचा भाऊबंद. ईशान्येकडच्या मासोआला द्वीपकल्पाच्या वर्षावनात त्याची मोजकीच झाडं उरली आहेत. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते १९८९ मध्ये. नारळाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, माणसात ४६, आणि याच्यात सुमारे ६००! असलं झाड कोणाच्या तरी ताटात जावं याचं वाईट वाटतं, पण डोंगरउतारावर आपल्याकडच्या राबासारखी झाडी तोडून-जाळून भात पिकवणाऱ्या उपाशी माणसाला मी इथे एसीत बसून काय सांगणार? राबामुळे जंगल जातं हे खरं, पण आपल्याकडचे डोंगरही त्यातूनच गेलेत.

राग येतो तो लाकूडचोरांचा. २००९ मध्ये तिथलं सरकार कोसळलं आणि टोळ्या राष्ट्रीय उद्यानात घुसल्या, रोजवुडसाठी, म्हणजे शिसवीच्या जातीच्या महागड्या लाकडासाठी. ते लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. नदीतून वाहून न्यायला त्याला हलक्या ओंडक्यांचा तराफा बांधायचा, म्हणजे एका झाडापायी आणखी झाडं तोडायची. माल गेला मुख्यतः चीनला, श्रीमंतांच्या फर्निचरसाठी. पामांच्या बियांनाही परदेशी हौशी लोकांकडून मागणी असते, म्हणजे रोपं उगवायची वाटही अडते. २०१२ च्या पाहणीत मादागास्करच्या १९२ पाम-जातींपैकी ८३ टक्के धोक्यात निघाल्या.

युनेस्कोने २०१० मध्ये ही वर्षावनं 'संकटग्रस्त वारसा' यादीत टाकली आणि २०२५ मध्ये बाहेर काढली. चांगलंच झालं. मात्र जंगल किती उरलं हे वरून, उपग्रहातून मोजता येतं. दाट झाडीत एका पामाचा शेंडा कोणी कापला हे त्यात दिसत नाही. त्यासाठी तिथे पायी हिंडणारा आणि झाड ओळखणारा गावकरीच लागतो, आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार.