किती माणसं?

कोकणात सागरी रस्त्याने फिरताना जेवणाआधी एक प्रश्न येतो. फोनवर पलीकडे कुणीतरी काकू असतात. "जेवण मिळेल का?" असं विचारलं, की हो-नाही काही न म्हणता त्या विचारतात, "किती माणसं?" मग "शाकाहारी की मासे?" आणि "किती वाजता पोचाल?" या तिन्हींची उत्तरं सकाळी दहाच्या आत दिलीत, तर दुपारी ताट तयार. तीच उत्तरं दुपारी दीड वाजता दारात उभं राहून दिलीत, तर त्या मनापासून हळहळतात, "अहो, सकाळी कळवायचंत ना," म्हणतात, आणि खरोखरच घरात काही नसतं. तांदूळ माणसं मोजून धुतलेले, नारळ तेवढेच खवलेले, मासेही मोजून आणलेले.

फेब्रुवारीच्या शेवटी मी आणि नवरा हर्णैपासून मालवणपर्यंत पाच दिवस असे फिरलो. जिथे जिथे सुख झालं, तिथे आधी विचारून घेतलेलं होतं. एकदाच विचारलं नाही. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पुणं सोडतानाच नवऱ्याने जाहीर केलं होतं, की या सहलीत रोज सुरमई. सुरमई हा त्याचा एकुलता एक मासा. आम्ही देशावरचे. मासा म्हणजे तव्यावरचा गोल तुकडा, मध्ये एकच काटा, बाजूला लिंबू. बाकीच्या माशांशी त्याची तोंडओळखही नव्हती.

ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे मंडणगडावरून दापोली. या टप्प्यातल्या खाण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वडापाव खाल्ला, चांगला होता. हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत तंदूर रोटी आणि पनीर मिळतं. ते नाशिकच्या रस्त्यावरही मिळतं, त्यासाठी घाट कशाला उतरायचा?

चार-साडेचारला हर्णैच्या बंदरावर पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या, आणि होड्यांतून उतरलेला माल बैलगाड्यांतून वाळूवर येत होता. बैलांच्या पोटापर्यंत पाणी. वाळूवर कोळंबीचे, बोंबलांचे, मांदेलीचे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं. लिलाव इतक्या झपाट्याने चालतो, की आपल्याला आकडा कळेपर्यंत ढीग टेम्पोत गेलेला असतो. तो व्यापाऱ्यांचा खेळ, आपण त्यात पडायचं नाही. कडेला टोपल्या घेऊन बायका बसतात, त्यांच्याकडून वाटा घ्यायचा. सुरमई होती, पण अख्खी, नवऱ्याच्या हातापेक्षा लांब. दोन माणसांनी तिचं काय करायचं? त्याच्या चेहऱ्याकडे न बघता मी ओले बोंबील आणि थोडी कोळंबी घेतली.

या पट्ट्यात मला सगळ्यात आवडलेली सोय अशी, की मासे आपण न्यायचे आणि उतरलोय त्या घरी करून घ्यायचे. करणावळ वेगळी सांगतात, ती आधी विचारून घ्यावी. आमच्या काकूंनी बोंबील पाहिले, बोटाने दाबले, "आजचेच आहेत," म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. बोंबलात पाणी फार. तसाच तव्यावर टाकला तर त्याचा गाळ होतो. त्यांनी एकेक मधून चिरून पुस्तकासारखा उघडला, काटा काढला, सगळे एका जुन्या सुती पातळाच्या घडीत ओळीने मांडले, वर दुसरी घडी आणि त्यावर चक्क पाटा ठेवला. तासाभराने काढले तर पातळ ओलंचिंब आणि बोंबील कागदासारखे चपटे. मग मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा आंबट रस), तांदळाचं पीठ आणि रवा. ताटात आले तेव्हा कडा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे मऊ. नवरा चौथ्या बोंबलापर्यंत काही बोलला नाही. पाचव्याला म्हणाला, "सुरमई उद्या."

उद्या कसली सुरमई! उद्या गुहागर होतं.

दाभोळला जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवली, खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. चिपळूणवरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. गुहागर व्याडेश्वराचं गाव, आणि देवळाच्या आसपासच्या वाड्यांतून घरगुती शाकाहारी जेवण देणारी घरं बरीच. मासे मिळत नाहीत असं नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये या गावात मासे खाणारा माणूस करंटा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ओले काजूगर.

शहरात काजूगराची उसळ म्हणून जे देतात, ते बहुतेकदा सुके काजू भिजवून केलेलं असतं. खऱ्या उसळीला हिरवी बी लागते. ती विळीवर उभी चिरायची आणि आतला गर काडीने अलगद उकलायचा. सालीत चीक असतो, तो कातडीला लागला की भाजतो. आम्ही जेवलो त्या घरच्या आजी परसात बसून हेच करत होत्या. हाताला खोबरेल चोपडलेलं, शेजारी राखेची वाटी. तरीही बोटांची टोकं काळी पडलेली आणि अंगठ्याची कातडी सोललेली. मी विचारलं, त्रास नाही होत का? "होतो की," आजी म्हणाल्या, "म्हणून तर दुपारच्या जेवणाला सकाळी सात वाजता सांगा म्हणते." पुढे गर गरम पाण्यात टाकून वरची सालपटं काढायची, ते वेगळंच.

उसळ साधी होती. ओलं खोबरं, किंचित गूळ, गोडा मसाला. काजूगर दाताखाली येताना आधी थोडा विरोध करतो आणि मग विरघळतो. सोबत मऊ भात, वरण, तूप, फणसाच्या कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, कुळथाचं पिठलं, आणि आदल्या रात्री सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. मोदक आयत्या वेळी मागू नयेत. मागितलेत तर मिळतीलही, पण ते सकाळचे असतील आणि पारी सुकलेली असेल.

गुहागरहून हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन तवसाळला दुसरी फेरीबोट पकडली आणि जयगडला उतरलो. गणपतीपुळ्यात गर्दी होती, थांबलो नाही. रत्नागिरीत मुक्काम. सकाळी एसटी स्टँडजवळ कांदेपोहे खाल्ले, वर ओल्या खोबऱ्याचा मूठभर कीस. न्याहारीसाठी स्टँडच्या आसपासची छोटी हॉटेलं मला नेहमी भरवशाची वाटतात. पहाटेच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर जिथे रोज खातात, तिथे शिळं द्यायची हिंमत कुणी करत नाही.

आता ती गोष्ट. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड असं करत आम्ही दक्षिणेला निघालो. रस्ता देखणा, त्यामुळे दर वळणावर थांबणं झालं आणि फोन करायचा राहिला. कुठेतरी चांगलं मिळेलच, हा देशावरचा आत्मविश्वास. दोन वाजले, अडीच वाजले. एका खानावळीत बाई भांडी घासत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी भात संपला होता, आमटी होती. या रस्त्यावर जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच, त्यानंतर चहा आणि भजी. साडेतीनला एक भलंमोठं, समुद्राकडे तोंड केलेलं रेस्टॉरंट दिसलं आणि आम्ही आत शिरलो. गाव सांगत नाही.

मेनूकार्ड बारा पानांचं. चायनीज, पंजाबी, आणि 'सी फूड' या मथळ्याखाली पापलेट, सुरमई, रावस, हलवा, खेकडा, लॉबस्टर, सगळं. दराच्या जागी लिहिलेलं, 'साइजप्रमाणे'. मला तिथेच कळायला हवं होतं. समुद्रात एका दिवशी सगळं मिळत नसतं. जिथे सगळंच आहे, तिथे ते समुद्रातून नाही, फ्रीजरमधून येतं. वेटर म्हणाला, "सुरमई एकदम ताजी." नवऱ्याने चौथ्या दिवशी अखेर सुरमई मागवली. बाहेरून लालभडक, आत कापूस, आणि काट्याजवळ अजून गार. दोन तुकड्यांचं बिल गुहागरच्या दोघांच्या पूर्ण जेवणाच्या चौपट. 'साइज' कुणी मोजली, कधी मोजली, विचारायची सोय नव्हती. मासा तळायच्या आधी तो दाखवायला सांगावा आणि दर तिथेच ठरवून घ्यावा, हे मला माहीत होतं. भुकेने शहाणपण जातं, दुसरं काय!

त्या संध्याकाळपासून आम्ही प्रश्न बदलला. 'सुरमई आहे का?' हा प्रश्नच चुकीचा, कारण त्याला 'आहे' असंच उत्तर येतं. विचारायचं, 'आज काय आलंय?' समोरच्याने एक-दोन नावं घेतली तर बसावं. बारा घेतली तर निघावं. देवगडला या प्रश्नावर एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "आज काही नाही, अंड्याची आमटी आहे." आम्ही बसलो. खोबऱ्याच्या वाटणातली ती आमटी आणि घावणे अजून आठवतात.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक सांगून टाकते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हाही कुणी ताजी सुरमई म्हणून पुढे ठेवली, तर हात जोडावेत. त्या दिवसांत खाडीतले मासे, सुका जवळा, बोंबलाचं सुकं हे खरं जेवण. भात आणि जवळ्याची चटणी बाहेर पाऊस कोसळत असताना खाल्ली नसेल, तर एकदा खाऊन बघा.

मालवणात चैतन्य आणि अतिथी बांबू या हॉटेलांची नावं तुम्हाला कुणीही सांगेल. चांगलीच आहेत, आणि सुटीच्या दिवशी बाहेर थांबायची तयारी हवी. आम्ही यावेळी गेलो नाही, कारण रविवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती.

रापणीत होडी अर्धगोलात जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं उलट्या पावलांनी ते ओढत मागे सरकतात. आम्हीही दोराला हात लावला. मदतीपेक्षा अडचणच जास्त झाली असणार. तळहात लाल झाले. तासाभराने जाळ्याची पिशवी वाळूवर आली तेव्हा आत पेडवे, थोड्या तारल्या आणि चमचमते बांगडे, अजून उडणारे. शेजारचे आजोबा पर्ससीनवाल्यांना, म्हणजे यांत्रिक होड्यांतून भलीमोठी जाळी टाकणाऱ्यांना, शिव्या घालत होते, पूर्वी असली पिशवी दहा माणसांना उचलत नव्हती म्हणून. त्यांनीच घर दाखवलं. "माझ्या सुनेक विचारा, ती जेवाण घालता."

सून म्हणजे पन्नाशीच्या काकी. आम्ही ओट्यावरूनच विचारलं, "काकी, आज काय आलंय?"

"बांगडो गावलो. सुरमय नाय." मग नवऱ्याकडे बघून, "चलात?"

"चालेल," नवरा म्हणाला. माझा कानांवर विश्वास बसेना.

दुपारी एकला ताट आलं. बांगड्याचं तिखलं, एक तळलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. काकींच्या तिखल्यात खोबरं नव्हतं. लाल मिरची, हळद, सोलं (आमसुलं) आणि तिरफळं ही उग्र वासाची मसाल्याची फळं, वरून कच्चं खोबरेल. तिरफळं ठेचून वासापुरती टाकतात. ती चावायची नसतात, हे सांगायचं राहून गेलं. नवऱ्याने एक चावलं. जीभ झिणझिणली, मग बधिर झाली. काकी हसत सोलकढीचा दुसरा पेला घेऊन आल्या. तिरफळ सुरमईला घालत नाहीत, त्या म्हणाल्या. बांगड्याला, पेडव्याला, ज्या माशाला स्वतःचं तेल आहे, त्यालाच ते लागतं.

बांगड्याला काटे असतात, तो हातानेच खावा लागतो आणि घाईत खाता येत नाही. सकाळी ज्याला दोराने ओढलं होतं, तोच (निदान त्याचा भाऊ) दुपारी ताटात. नवऱ्याने डोकंसुद्धा सोडलं नाही. शेवटी भातावर सोलकढी घेऊन ताट इतकं स्वच्छ केलं, की काकींनी विचारलं, "धुवूक नको काय आता?"

हात धुताना त्याने सहज विचारलं, "उद्याही बांगडे असतील?"

"उद्या सोमवार. माशे नाय." काकी ताटं उचलत होत्या. "काळ्या वाटाण्याचा सांबारा नि आंबोळ्यो करतलंय. येतलास तर आताच सांगा. किती माणसां?"

सोमवारी पहाटे आम्ही गगनबावड्यामार्गे परत निघणार होतो. सामान अर्धं भरून झालं होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन," तो म्हणाला.