सिल्लारीच्या जंगलात चितळ नेमकं कुणाला सांगतं?

नागपूरहून मनसरमार्गे सिल्लारी गेट, साधारण ७० किलोमीटर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पेंच व्याघ्र प्रकल्पात शिरल्यावर सागाच्या रानातून चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला आणि पुढच्या जिप्स्या धुरळा उडवत तिकडे सुटल्या. याचा मनापासून संताप येतो. इंजिन सुरू असलं की कॉलमधलं निम्मं ऐकूच येत नाही.

अशा वेळी गाडी बंद करून चितळाकडे बघावं. ते पळत नाही. मान ताठ, कान पुढे, शेपटी वर, आणि पुढचा एक पाय जमिनीवर आपटत ते एकाच झुडपाकडे रोखून बघतं. खुळेपणा वाटतो, पण यात लाखो वर्षांचा हिशेब आहे. वाघ दबा धरून मारतो. त्याची धाव थोड्या अंतरापुरतीच. तो दिसला की डाव निम्मा फसला. पाठ फिरवून पळणाऱ्या चितळाला तो दिसेनासा होतो, रोखून बघणाऱ्याला नाही. आपल्या जिवावर बेतणारा इशारा नातलग वाचत असतील तर टिकून राहतो, हे जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणितानं मांडलं. पण चितळांचे कळप सैल असतात, सकाळचे सोबती संध्याकाळी दुसऱ्याच कळपात. म्हणून मला तरी वाटतं, तो कॉल कळपाइतकाच वाघासाठीही असतो: ‘दिसलास तू, आता निघ.’ पुष्कळदा वाघ खरंच उठून चालू लागतो.

रानकुत्र्यांपुढे मात्र हेच चितळ उभं राहत नाही. त्यांना दबा धरायचा नसतो. ते टोळीनं पाठलाग करून दमवतात. तिथे ‘दिसलास’ म्हणून काय उपयोग? चितळ सुसाट पळतं, जवळ पाणी असेल तर त्यात उतरतं.

वरच्या फांदीवरच्या वानरांकडेही लक्ष असू द्या. उंचावरून त्यांना लांबचं दिसतं, खाली चितळाचं नाक तिखट. वानरं अर्धवट खाऊन टाकलेली पानं-फळं चितळांना आयती मिळतात, आणि दोघंही एकमेकांचे कॉल ओळखतात. बिबट्या झाडावर चढतो, त्यामुळे वानरांनाही या पहाऱ्याची गरज असतेच.

एकट्या चितळाच्या एक-दोन कॉलवर गाडी पळवू नये. ते कोल्ह्यालाही ओरडतं, कधी नुसत्या सळसळीलाही. खोट्या इशाऱ्यानं फार तर घटकाभराचं चरणं बुडतं. खरा इशारा चुकला तर जीव जातो. म्हणून निसर्गाच्या निवडीनं घाबरटपणाच टिकवला. सांबराचा भारदस्त ‘ढाँक’ मात्र वारंवार आला तर गाइड लगेच सावध होतात, आणि ते बरोबर आहे. सांबर सहसा उगाच ओरडत नाही.

कॉल एकाच जागी राहिला तर शिकारी जनावर बहुधा बसलेलं आहे. कॉल देणारे बदलत पुढे सरकले तर ते चाललंय. मग कॉलच्या मागे धावू नये. नाला रस्त्याला जिथे मिळतो तिथे, वाट मोकळी सोडून, थोड्या अंतरावर थांबावं. कॉल थांबले तरी लगेच निघू नये. वाघ नजरेआड झाला की चितळं गप्प होतात, तो गेलेलाच असतो असं नाही.