रेंजमधला रँडम नंबर: गडबड टोकांपाशी होते

१ ते ६ मधला एक रँडम नंबर काढायचा, हे काम एका ओळीचं. पण ती ओळ चुकली तरी प्रोग्रॅम बंद पडत नाही. आकडे येत राहतात, वरवर ठीकही दिसतात, आणि चूक तशीच मुरते. अशा वेळी संशय जनरेटरवर, म्हणजे रँडम आकडे तयार करणाऱ्या कोडवर जातो. खरी गडबड बहुतेकदा त्याच्या पुढच्या पायरीत असते, म्हणजे मिळालेला आकडा आपल्या रेंजमध्ये बसवताना.

आधी टोकं. पायथनचं रँडइंट(१, ६) दोन्ही टोकं धरतं. रँडरेंज(१, ६) मात्र ६ कधीच देत नाही. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतही रँडइंट आहे आणि तेसुद्धा वरचं टोक सोडतं; एकाच नावाची दोन फंक्शनं आणि दोघांची तऱ्हा वेगळी, हे कुणाला सुचलं देव जाणे. सी शार्पचं नेक्स्ट(१, ६) पाचावर थांबतं, पीएचपीचं रँडम_इंट(१, ६) सहापर्यंत जातं. हे पाठ करत बसू नये. दर वेळी डॉक्युमेंटेशन उघडून बघावं.

तयार फंक्शन नसेल तर आधी रेंजमध्ये आकडे किती ते मोजायचं: कमाल − किमान + १. तो शेवटचा १ विसरला की वरचं टोक गायब. जावास्क्रिप्टचं मॅथ.रँडम() शून्यापासून सुरू होतं, पण १ ला कधी पोचत नाही. म्हणून फ्लोअर(रँडम × ६) + १ हे बरोबर; फ्लोअर म्हणजे खालच्या पूर्णांकावर आणणं, राउंड म्हणजे जवळच्या. फ्लोअरऐवजी राउंड वापरून राउंड(रँडम × ५) + १ लिहिलं तर १ आणि ६ येण्याची शक्यता प्रत्येकी १० टक्के, मधल्या चौघांची २०. टोकांच्या वाट्याला अर्धाच तुकडा येतो ना!

रेंज ऋण बाजूला गेली की आणखी एक सापळा. −५ ते ५ साठी आधी रँडम × ११ चा पूर्णांक करा, मग ५ वजा करा. आधी वजाबाकी करून नंतर इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात बदललं, तर अपूर्णांक शून्याच्या दिशेने कापला जातो: −१ ते १ मधलं सगळं ० मध्ये जमा होतं, शून्य दुप्पट वेळा येतं आणि −५ जवळपास कधीच येत नाही.

आता भागाकारातल्या बाकीबद्दल, म्हणजे ती काढणाऱ्या % या चिन्हाबद्दल. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत रँड() ० ते ३२७६७ देतं, एकूण ३२७६८ आकडे. रँड() % १००००, म्हणजे भाजक दहा हजार, असं लिहिलं की ० ते २७६७ या प्रत्येक आकड्याला चार वाटा मिळतात, पुढच्या सगळ्यांना तीनच. लहान आकडे तब्बल एक तृतीयांशाने जास्त येतात. भाजक १०० असता तर हाच फरक ३२८ विरुद्ध ३२७ इतका, म्हणजे नजरेत न भरणारा. आणि रेंज एक लाखाची केली, तर ३२७६७ च्या वरचा एकही आकडा येणार नाही.

यावर उपाय सोपा आहे. दहा हजाराचे पूर्ण गट तीन, म्हणून ३०००० किंवा त्याहून मोठा आकडा आला की तो टाकून द्यायचा आणि नवा मागायचा. जे उरेल त्याचीच बाकी घ्यायची. इथे शंभरात साधारण आठ आकडे वाया जातात. अगदी वाईट रेंज असली तरी सरासरी दोनपेक्षा कमी प्रयत्नांत काम होतं. लूप अनंत चालेल ही भीती सोडून द्या.

जावात काही जण नेक्स्टइंट() चा ॲब्स काढून, म्हणजे ऋण चिन्ह काढून टाकून, मग बाकी घेतात. इंटची सर्वांत लहान किंमत −२१४७४८३६४८. तिचा ॲब्स ऋणच राहतो, कारण तितकी धन संख्या इंटमध्ये मावत नाही. चारशे कोटींत एकदा ॲरेचा इंडेक्स ऋण. शोधा आता!

सीडबद्दल, म्हणजे जनरेटर ज्या आकड्यापासून सुरू होतो त्याबद्दल, थोडक्यात: तो प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच द्यावा. लूपमध्ये एसरँड(टाइम) लिहिलं, म्हणजे दर फेरीला घड्याळातली वेळ सीड म्हणून दिली, तर एका सेकंदातले सगळे आकडे सारखेच येतात. ओटीपी, पासवर्ड, टोकन यांना साधा जनरेटर लावूच नये. पायथनच्या मर्सेन ट्विस्टर या नेहमीच्या जनरेटरचे सलग ६२४ पूर्ण ३२ बिटांचे आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात. तिथे सीक्रेट्स मॉड्यूलचं रँडबिलो वापरा. सहा अंकी ओटीपी ० ते ९९९९९९ मधून काढून डावीकडे शून्यं भरली की दहा लाख शक्यता मिळतात. १००००० पासून सुरुवात केली तर नऊच लाख.

लिहिलेलं तपासायला ६०००० वेळा फासा टाका आणि सहा कप्प्यांत मोजा. प्रत्येकात १०००० च्या आसपास हवेत, प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) सुमारे ९१. एखादा कप्पा ९७०० ते १०३०० च्या बाहेर गेला तर कोड पुन्हा वाचा. सगळे कप्पे अगदी नेमके १०००० भरले तरीही वाचा. ही मोजणी क्रम मात्र बघत नाही: १, २, ३, ४, ५, ६ असं नुसतं चक्र फिरवणारं फंक्शनही तिच्यात पैकीच्या पैकी गुण मिळवेल. म्हणून लागोपाठच्या दोन आकड्यांच्या ३६ जोड्यांचे कप्पे करून तीच मोजणी आणखी एकदा करायची.