मातीत उशिरा पोहोचणारी दुपार

वरचं ऊन मातीत किती खोल आणि किती उशिरा पोहोचतं, हे मी मोजतोय. मागच्या नोंदीत त्यासाठी ठोकलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपपाशी येऊन थांबलो होतो. तो पाइप आता उपटलाय. सगळं पहिल्यापासून मांडलं आणि या वेळी जमिनीने उत्तर दिलंय, म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचे काका सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे हळदीच्या पेवांच्या गावातले. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हापासून काकांचं पेव रिकामंच आहे. लहानपणी ते एकदा म्हणाले होते, “पेवाला आत्ताचा उन्हाळा कळत नाही रं, त्याला मागचा कळतो.” मागचा म्हणजे नेमका किती मागचा, हे मोजायचा नाद मला लागलाय.

पेवापर्यंत जायच्या आधी घरामागच्या काळ्या मातीत दिवस-रात्रीचा खेळ बघायचा, असं ठरवलं. उन्हाळा-हिवाळ्याच्या चढउताराची, म्हणजे वर्षाची लाट मोजायला वर्ष लागतं, दिवसाची एका दिवसात मोजता येते.

पाइपचं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण अनेकजण तेच करतात. उभा जीआय पाइप ठोकून त्यात वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर सोडले होते. ३० सेंटिमीटरवरचा सेन्सर दुपारी तीनलाच तापून बसायचा. माती इतकी घाईची नसते. लोखंडाची उष्णतावाहकता मातीच्या पन्नासेक पट, त्यामुळे वरचं ऊन पाइपच खाली नेत होता. रात्री तर पाइपातली थंड हवा जड होऊन खाली उतरायची आणि गरम वर यायची. मातीतून कणाकणाने जाणारी उष्णता, म्हणजे वहन मोजायला बसलो होतो आणि हवेबरोबर फिरणारी, म्हणजे अभिसरण मोजत होतो.

आता फूट-दीड फुटाचा खड्डा घेतला. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत विणकामाच्या सुईने आडवी भोकं पाडली आणि ५, १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर एकेक डीएस१८बी२० (तापमानाचा छोटा डिजिटल सेन्सर) आत सरकवला. वायर सरळ वर न आणता आधी हातभर त्याच खोलीवर आडवी फिरवली, म्हणजे तांब्यातून वरची उष्णता सेन्सरपर्यंत येत नाही. पाचवा सेन्सर पृष्ठभागावर, चिमूटभर मातीखाली. पुरण्याआधी पाचही सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात आणि पाण्यात बुडवून प्रत्येकाची चूक टिपून घेतली. या सेन्सरची हमी अर्ध्या अंशापुरतीच असते, आणि खालच्या थरातला अख्खा चढउतारच दोन अंशांच्या आत असतो. ही पायरी गाळू नका. खड्डा त्याच मातीने, त्याच क्रमाने बुजवला आणि आठवडाभर बसू दिला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाच निरभ्र दिवस मिळाले. त्यांची सरासरी अशी. पृष्ठभाग दुपारी सव्वाच्या सुमारास ५८ अंशांवर, पहाटे २४. पाच सेंटिमीटरवर दिवसातला फरक २० अंश, कमाल तीन वाजून दहा मिनिटांनी. दहावर फरक १२.३, कमाल संध्याकाळी पाचला. वीसवर फरक ४.७, कमाल रात्री आठ पन्नासला. आणि तीस सेंटिमीटरवर फरक १.८ अंश, कमाल रात्री पाऊण वाजता.

त्या रात्री मी जागा होतो. अंगणात गार वारा सुटला होता, पृष्ठभागावरचा आकडा २९ पर्यंत उतरला होता, आणि फूटभर खाली दुपार भरात होती. शाळेत दोरी हलवून तरंग शिकवतात, तेव्हा शृंग, म्हणजे तरंगाचा माथा, पुढे सरकताना डोळ्यांनी दिसतं. इथे तेच शृंग मातीतून तासाला अडीच सेंटिमीटरच्या थोडं वरच्या गतीने उतरत होतं. मुंगीच्या पुढेही ते जिंकणार नाही, पण सरकत होतं हे नक्की.

दोरीच्या तरंगाशी मात्र एक मोठा फरक आहे. दोरी ताणामुळे परत येते. मातीला परत ओढणारं काही नाही, उष्णता फक्त गरमाकडून थंडाकडे झिरपते. म्हणून हा तरंग जन्मापासूनच मरत जातो. ठरावीक खोलीला आयाम, म्हणजे चढउताराचा आवाका, ३७ टक्क्यांवर येतो, तेवढंच आणखी खाली गेलं की त्याच्या ३७ टक्के. माझ्या आकड्यांवरून ही खोली साधारण १०.४ सेंटिमीटर येते. कमालीच्या वेळा किती लांबतात त्यावरून वेगळी काढली तर १०. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच आकडा आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मांडणी बरोबर आहे. पाइपच्या वेळी हे दोन आकडे एकमेकांच्या आसपासही नव्हते.

हे गणित फ्रेंच गणितज्ञ फूरियेचं, त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ सालचा. १८३७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फोर्ब्ज यांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरात जमिनीत लांब दांड्याचे थर्मामीटर पुरले, सर्वांत खालचा २४ फ्रेंच फुटांवर. भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी पुढे त्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून तिथल्या खडकाची उष्णतावाहकता काढली. आपण सुई आणि सेन्सर घेऊन तेच करतोय, हे मला फार आवडतं.

१९ एप्रिलला वळीव आला. वीस मिनिटांत पाच सेंटिमीटरवरचा आकडा ४५ वरून ३३ वर. ते ठीक, पण वीस सेंटिमीटरवरचाही लगेच अडीच अंशांनी उतरला. वहनाने तिथे पोहोचायला सात-आठ तास लागतात. सकाळी जाऊन पाहिलं तर कारण समोर होतं. काळ्या मातीला उन्हाने पडलेल्या भेगांतून पाणी थेट खाली गेलं होतं. सेन्सरपासून चार बोटांवर एक भेग, काठ अजून ओले. काळ्या रानात मोजणाऱ्यांनी भेगांची जागा टिपून ठेवा. पुढच्या चार दिवसांत ती ठरावीक खोली १२ च्या जवळ गेली. ओल्या मातीत कणांमधली हवा जाऊन पाणी बसतं, आणि उष्णता जास्त खोल शिरते.

आता पेवाकडे. आवर्तकाल, म्हणजे लाटेच्या एका फेऱ्याचा वेळ, दिवसाऐवजी वर्ष म्हणजे ३६५ पट झाला की खोली त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १९ पटींनी वाढते. त्या हिशोबाने वर्षाची लाट दोन मीटरला ३७ टक्क्यांवर येते. काकांचं पेव दोरी सोडून मोजलं, तळ अठरा फुटांवर. तिथे उशीर पाच-साडेपाच महिन्यांचा आणि आयाम वरच्याच्या सहा टक्के. मे महिन्याचा कडाका तळाला पोहोचायचा तो दिवाळीच्या आसपास, आणि पौषातली थंडी मृगाच्या सुमारास. हा अंदाजच आहे, कारण खाली काळी माती संपून मुरूम लागतो. शिवाय आपलं वर्ष साध्या लाटेसारखं नाही. मे तापतो, पावसाने जून उतरतो, ऑक्टोबर पुन्हा तापतो. ही सहामाही लाट वरच्या थरात जाणवेल, पण तिचा आवर्तकाल निम्मा म्हणून ती लवकर विरते. तळाला वार्षिकच उरायला हवी.

२० एप्रिलला काकांनी पेवाचं तोंड उघडून दिवसभर हवा खेळू दिली, मग कंदील सोडून पाहिला. बंद पेवातली हवा जीव घेते, त्यामुळे कुणीही आत उतरलो नाही. सेन्सर दोरीने सोडून तळाच्या मातीवर टेकवला आणि तोंड पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिथे २७.४४ अंश होते. १० मे रोजी वर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं, तळाला २७.३८. या सेन्सरची सर्वांत लहान पायरीच ०.०६ अंशांची, तेव्हा एका पायरीला मी निकाल म्हणत नाही. पण वर मे तापत असताना ती खालच्या दिशेने पडली, म्हणजे अंदाजाप्रमाणे तळाला अजून पौषातली थंडी उतरतेय. काकांना आकडा दाखवला, तर म्हणाले, “मग मृगापर्यंत ठेव की तिथंच.” सेन्सर तिथेच आहे.