चौदा बाजूंचा फासा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळात माणूस दोनच कामं करू शकतो. एक तर झोपायचं, नाहीतर कुलरमध्ये पाणी ओतायचं. मी दुसरं करायला मागच्या खोलीत गेले, तर भाचा लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसलेला. माउसला हात नाही, काही नाही. नुसता पडद्याकडे बघतोय.

"काय रे, अटकलं का?"

"नाही आत्या, वेढा घातलाय. वाट बघतोय."

बादली खाली ठेवली आणि मीही बसले. वाट कशाची, हे मला विचारावं लागत नाही. युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा खेळ या घरात आधी मी आणला, त्याने नाही. नावात युरोप असला तरी आत सगळं जग आहे, आणि त्या जगात चक्क खान्देश आहे. ११ नोव्हेंबर १४४४ ला खेळ सुरू होतो. वर माळवा, शेजारी गुजरात, खाली बहमनी, आणि मधे चिमटीत सापडलेले आपले फारुकी, म्हणजे तेव्हाचे खान्देशचे सुलतान. पहिल्यांदा तो नकाशा उघडला तेव्हा मी खेळायचं सोडून तेवढाच तुकडा मोठा करून बघत बसले होते. आपल्याला असं कुठे दिसायची सवय नसते. बातम्यांत आपलं नाव येतं ते पारा पंचेचाळीसला गेला की, नाहीतर केळीचे भाव पडले की.

"किती टक्के?"

"पन्नास."

"मग होईल की."

"मागच्या महिन्यालाही पन्नासच होते. रोगराई झाली."

ही रोगराई ज्याला माहीत आहे तो इथेच उसासा टाकेल. किल्ल्याला वेढा घातला की साधारण महिन्याने एकदा फासा पडतो, आणि या फाशाला सहा नाही, चौदा बाजू. म्हणून किल्ला पडायच्या शक्यतेचे ते टक्के असे विचित्र सातासातानं चढतात, सात, चौदा, एकवीस. तोफा आणा, चांगला सरदार आणा, आतलं धान्य संपू द्या, टक्के वाढतात. पण एक पडला की तुमच्याच छावणीत साथ, माणसं कमी, आणि पुन्हा महिनाभर बसा. तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं. त्या 'एक'ला त्याचं काही नाही. त्यामुळे शंभर टक्के कधी होतच नाहीत.

मैदानातल्या लढाईचंही तेच. तीन दिवस गोळीबार, तीन दिवस हातघाई, पुन्हा गोळीबार, आणि दर पाळीला फासा. तुमचं सैन्य दुप्पट असतं आणि फासा शून्य देतो. समोरच्याला नऊ. बरं, जिंकलात तरी हरलेलं सैन्य अर्धा नकाशा ओलांडून कुठेतरी पळून जातं आणि काही महिन्यांनी ताजंतवानं होऊन तुमच्याच सरहद्दीवर हजर. मला हरल्याचं एवढं दुःख होत नाही. जिंकून पुन्हा त्याच माणसांशी लढायचं, याचा वैताग येतो.

आणि नदी. नदी ओलांडून हल्ला केला की फाशातून एक वजा. बास, एक. तापी असो की आणखी कुठली नदी, ऑगस्ट असो की एप्रिल, एकच. ज्याने श्रावणातली तापी बघितली आहे आणि उन्हाळ्यातली तापीही बघितली आहे, त्याने हा हिशेब कसा मान्य करायचा? या खेळात सैन्य गळायला हिवाळा आहे, हल्ली पावसाळाही आहे. मे महिना नाही. एकदा बनवणाऱ्यांना आमच्याकडे बोलवून दुपारी सावद्याहून रावेरपर्यंत चालवायला हवं, चिलखत घालून.

पण ही चिडचिड फार जुनी. अमळनेरला आम्ही लहान असताना बसस्टँडच्या मागे एक सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि पंखा कॅफेवाल्याकडे तोंड करून. तिथे एज ऑफ एम्पायर्स. माउस दादाकडे, मी शेजारच्या स्टुलावर. माझं काम म्हणजे पडद्यावर बोट ठेवून ओरडणं, "दादा, तो बघ, तो उभाच आहे!" कारण कोणीतरी उभाच असायचा. पन्नास जणांना पलीकडच्या तीरावर जायला सांगावं, तर उतारावर अशी झुंबड की जळगावला एसटी लागल्यावर दारात होते तशी. पहिला आत शिरत नाही, मागचा मागे सरत नाही, आणि एक घोडेस्वार शहाणपणा करून जंगलाला वळसा घालून थेट शत्रूच्या बुरुजाखाली एकटा पोचलेला. हत्ती आडवा आला की मग विचारूच नका. आणि दगड फेकणारं ते यंत्र! नेम शत्रूवर, धोंडा आपल्याच पायदळावर. दादा त्यावेळी जे बोलायचा ते इथे लिहिता येणार नाही, पण निम्मं अहिराणीत होतं एवढं सांगते.

ऐन किल्ल्याचा दरवाजा मोडायच्या बेतात आलेला असताना लोडशेडिंग. कॅफेवाला अंधारातून म्हणायचा, "चला भो, लाइट गयी." वर पूर्ण तासाचे पैसे.

त्या खेळाच्या पहिल्या भागात गावकरी सगळे पुरुषच होते. दुसऱ्या भागात बायका आल्या, १९९९ साली. बोरंबिरं तोडायच्या, शेत करायच्या. माझ्यातली एक खोड तेव्हापासूनची आहे आणि ती आजही गेलेली नाही. खेळात माणसांना मर्यादा असते. ती भरली की सैनिकांना जागा करायला लोक सरळ दोन-चार गावकरी निवडतात आणि डिलीटचं बटण दाबतात. दादा तर सपासप. मला नाही जमत. सुरुवातीला जी बाई शेतावर लावलेली असते ती शेवटपर्यंत तिथेच राहणार, मग चार घोडेस्वार कमी का पडेनात. (ते शेत संपलं की पुन्हा लावायला लाकूड मागतं, हे तर कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात सांगायची सोय नाही. बी नाही, पाणी नाही, लाकूड!)

भाच्याचा महिना भरला. फासा पडला. काहीच झालं नाही.

"आता?"

"आता पुढचा महिना."

मग वेळ जावा म्हणून मी त्याला बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाची गोष्ट सांगितली. बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात गेलं म्हणून मुलांना ते आपलं वाटतच नाही, पण फारुकींचा सगळा जीव त्या गडात होता. आणि तो त्यांनी घेतला कसा? फेरिश्ता या जुन्या इतिहासकाराने लिहिलंय की गड आसा अहिराकडे होता. नासिरखान फारुकीने त्याला निरोप पाठवला, माझ्यावर संकट आहे, घरातल्या बायकांना तुमच्याकडे आसरा द्या. त्याने भल्या मनाने हो म्हटलं. डोल्या वर गेल्या. आधीच्या डोल्यांत खरंच बायका होत्या. नंतरच्या डोल्यांत हत्यारबंद माणसं.

"हे तर चीटिंग आहे," भाचा म्हणाला.

आहेच. पण गड असेच जातात रे. दोनशे वर्षांनी अकबर स्वतः चालून आला, तोफा घेऊन, आणि तरी महिन्यांमागून महिने गेले. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. मोगलांचे इतिहासकार सांगतात की गडावर साथ पसरली होती. जेझुइट पाद्री सांगतात की अकबराने आतल्या माणसांना सोनं चारलं. दोन्ही खरं असेल. खेळात एक पडला की बाहेरचे आजारी पडतात. असीरगडावर आतले पडले. म्हणजे फासा तिथेही होताच, फक्त कोणाच्या हातात होता ते कोण सांगणार.

आणि हूल! हूल द्यायची सोय या खेळांत मला तरी कधी नीट सापडली नाही. पहिल्या बाजीरावाने बुऱ्हाणपुरावर जातो अशी आवई उठवली, निजाम तिकडे धावला, आणि बाजीराव गुजरातेत. पुढे १७२८ मध्ये पालखेडला निजामाच्या जड तोफा मागे राहिल्या आणि पाण्यावाचून सैन्य कोंडलं. मोठी लढाई अशी झालीच नाही. हे फाशात कसं बसवणार? तीन दिवस गोळीबार, तीन दिवस तहान?

तेवढ्यात भाच्याने कंटाळून तहाचा खलिता पाठवला आणि समोरच्याने तो घेतला. त्याबरोबर वेढा उठला, दोन्हीकडची सैन्यं निमूट आपापल्या घरी चालू लागली. या खेळात तह झाला की झाला. एका क्षणात सगळ्या किल्ल्यांना कळतं.

मला थाळनेर आठवलं. शिरपूरकडे, तापीच्या काठावर. फारुकींची पहिली राजधानी, त्यांच्या कबरीही तिथेच आहेत. मंदसौरला होळकरांनी तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरला आला, तर किल्लेदार तुळशीराम गड सोडेना. तोफा डागल्या, बाहेरचे दरवाजे गेले, मग बोलणी सुरू झाली. किल्लेदार बाहेर आला. इंग्रज अधिकारी शेवटच्या दरवाजातून आत शिरले. आतल्या शिबंदीला काय ठरलं ते नीट कळलंच नव्हतं, असं सांगतात. दरवाजात चकमक उडाली, दोन अधिकारी पडले, आणि मग आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली. त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. होळकरांशी तह होऊन तेव्हा दीड महिन्यावर दिवस झाले होते.